सालईटोकचा बेत

रामदासपेठ, नागपूर
१६ नोव्हेंबर

मुग्धा,

आशीर्वाद आहेत. रागाने ते कमी होत नाहीत, म्हणून आधीच देऊन टाकते.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. विहंगचा केला नाहीस, कारण रविवारी नूपुरला तिच्या बाबाशी बोलू द्यायचं असं कोर्टानं सांगितलं आहे. आजीबद्दल कोर्ट काही बोललेलं नाही. म्हणून हे पत्र. पोस्टमनला अजून कोणी ब्लॉक करू शकत नाही.

विषय डोंगराचा आहे. नूपुर नाताळच्या सुटीत येते आहे आणि तिला बाबासोबत डोंगर चढायचा आहे. पुण्यात तिच्या वर्गातली सगळी पोरं कुठला ना कुठला किल्ला चढून आली, हिला मात्र दम्यामुळे शाळा नेत नाही. तू विहंगला मेल केलीस की सगळा बेत नीट लिहून पाठव, वाचून मग हो की नाही ते सांगते. बरोबर केलंस. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. त्यावर माझ्या चिरंजीवांनी काय पाठवलं ते मला काल कळलं. नकाशाची एक लिंक, खाली ‘लूप ट्रेल, मॉडरेट’, आणि त्याखाली एक उभा अंगठा. तो अंगठा पाहून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथे बसून दिसलं.

मी त्याला विचारलं, “मॉडरेट म्हणजे काय रे?”

“म्हणजे फार सोपं नाही, फार कठीण नाही.”

“कोणासाठी?”

“जनरल, आई.”

जनरल! पोटच्या पोरीला घेऊन जायचं आणि म्हणे जनरल. मी आयुष्यभर टेलिफोन ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकल्या, पण इतकं संतापजनक उत्तर मला कुठल्या लाइनमननेही दिलं नाही.

तर बेत मी लिहिते. डोंगराचं नाव सालईटोक. पारशिवनी ओलांडली की पुढे अर्ध्या तासावर. खाली वनखात्याचं फाटक आहे, तिथे नाव लिहून गावातला वाटाड्या सोबत घ्यावाच लागतो. वाट गोल आहे. सागाच्या जंगलातून चढायचं, मध्ये पाण्याचा एक झिरा लागतो, मग धारेवरून टोकावर, आणि दुसऱ्या बाजूने बांबूतून उतरून फिरून त्याच फाटकाशी. सकाळी जाऊन दुपार उतरायच्या आत परत. वर देऊळ नाही, दुकान नाही, गर्दी नाही. एवढं मला विहंगने सांगितलं. यातलं किती खरं ते मी स्वतः जाऊन पाहणार आहे, कारण त्याच्या सांगण्यावर मी रिक्षातही बसत नाही.

रामटेकला काय झालं ते मी विसरले नाही. दम्याचा पंप गाडीत, गाडी खाली, आणि पोरगी वर पायऱ्यांवर ओठ निळे करून बसलेली. तू तेव्हा त्याला जे बोललीस त्यातला एक शब्दही मला जास्त वाटला नाही. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं की नव्हतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तो माझा मुलगा आहे.

तू मला आई म्हणायचीस. आता काय म्हणशील माहीत नाही. म्हणून सगळे म्हणतात तेच खाली लिहिते.

यमुताई

*

रामदासपेठ
२८ नोव्हेंबर

मुग्धा,

तुझं उत्तर मिळालं. त्याला पत्र म्हणवत नाही, प्रश्नपत्रिका होती ती. वर ना मायना, खाली ना नाव. तरी हाताने लिहिलेली होती, एवढ्यावर मी समाधान मानलं.

आम्ही डोंगर पाहून आलो. आता ऐक, आणि मी किती सहन केलं तेही ऐक.

विहंगने नवे बूट घेतले. दुकानदार म्हणाला होता की आठ दिवस घरात घालून फिरा. हा थेट डोंगरावर घालून आला आणि सागाचं रान संपायच्या आत लंगडायला लागला. वाटाड्या मिळाला तो रुपराव नावाचा. माणूस भला, पण त्याच्याकडून सरळ उत्तर काढणं म्हणजे माझीच परीक्षा. मी विचारलं, “टोक किती लांब आहे?”

“हे काय, जवळच आहे जी.”

“जवळ म्हणजे किती?”

“दोन बिड्या ओढल्या का पोचलोच आपण.”

“आणि बिडी न ओढणाऱ्याला किती वेळ लागतो?”

तो थांबला, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मावशी, तुमी काहून टेन्शन घेऊन रायल्या? डोंगर कुठी पळून नाई चालला.”

विहंग हसला. किती दिवसांनी हसला ते लिहीत नाही. मी दोघांवरही चिडले.

आता तुझे प्रश्न. दवाखाना पारशिवनीत आहे, आम्ही आत जाऊन पाहिला. दम्याच्या पेशंटला वाफ द्यायचं मशीन आहे, चालू आहे, मी नर्सला लावून दाखवायला लावलं, ती माझ्यावर वैतागली. फोनला रेंज फाटकाशी आहे, झिऱ्यापाशी नाही, धारेवर पुन्हा येते. वाघ आहे का, हा तुझा प्रश्न मी रुपरावला जसाच्या तसा विचारला. “हाये ना जी. पण तो तिकडे राह्यते, तलावाकडे.” वाघाला हे कोणी सांगितलंय का, हे मी विचारलं नाही. दिवसाढवळ्या, वाटाड्यासोबत, चार माणसांत बोलत चालायचं, असं फाटकावरच्या गार्डने सांगितलं, ते मला पटलं. पाणी झिऱ्याचं प्यायचं नाही, घरून न्यायचं. जेवण मी देणार. चढ कुठे अंगावर येतो? झिऱ्यानंतर. तिथे मोठमोठे दगड आहेत आणि वाळलेल्या पानांवरून पाय सरकतो. तोवर वाट सोपी आहे, नूपुर गाणं म्हणत जाईल. मी झिऱ्यापर्यंत गेले आणि बसले. विहंग आणि रुपराव पुढे जाऊन, टोक गाठून, गोल फिरून खाली आले. तोवर मी त्या झिऱ्याशी एकटी बसून वानरांचा आरडाओरडा ऐकला आणि तुझ्याशी मनातल्या मनात भांडले.

पंपाचं. एक नूपुरच्या बॅगेत, एक विहंगच्या शर्टाच्या खिशात, एक माझ्याकडे. मी त्याला हे सांगायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, “आई, मी आजही खिशात घेऊन आलोय. सवय व्हावी म्हणून.” आणि काढून दाखवला. आता यावर चिडायचं कसं?

तू काय ते ठरव. पण लवकर ठरव. इथे एक माणूस रोज सकाळी उठून ते बूट घालून हॉलमध्ये फेऱ्या मारतो आहे, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दोनदा बेल वाजवली आहे.

यमुताई

*

रामदासपेठ
८ डिसेंबर

मुग्धा,

तू हो म्हणालीस. विहंगने मला तुझी मेल वाचून दाखवली. खोकला दिसला की तिथूनच परत फिरायचं, आणि ‘आई सोबत असतील तरच’. ही दुसरी अट वाचून मला बरं वाटलं, हे कबूल करते. मग माझे गुडघे आठवले. तुला ते माहीत नव्हते असं नाही. जिना उतरताना माझा हात धरणारी तूच होतीस.

पण आजचं पत्र त्यासाठी नाही. आज मी फार चिडले आहे. लिहिताना पेन कागदात रुततं आहे.

काल रविवारी नूपुरचा फोन आला तेव्हा विहंग दूध आणायला खाली गेला होता. मी घेतला. ती डोंगराबद्दल बोलता बोलता म्हणाली, “आजी, मस्कतला पण डोंगर आहेत, पण झाडं नाहीत म्हणे. सुमंतकाका म्हणाले.” कोण सुमंतकाका, ते मग एकेक करत बाहेर आलं. मार्चमध्ये लग्न. जूनमध्ये मस्कत. तिकडची शाळासुद्धा पाहून झाली.

तू लग्न करतेस याचं मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं, पण ते माझं मी पाहून घेईन. पण तू मला वाघाबद्दल विचारतेस, मशीनबद्दल विचारतेस, रेंज कुठे येते ते विचारतेस, आणि माझी नात देश सोडून चालली आहे हे मला एका दहा वर्षांच्या पोरीकडून कळतं? आणि तिला न्यायला विहंगची संमती लागेल, एवढं कायद्याचं मलाही समजतं. ती कधी मागणार होतीस? डोंगर झाल्यावर? त्यासाठीच तर हो म्हणाली नाहीस ना? हे खोटं असेल तर मला माफ कर. खरं असेल तर माफी परत घेते.

मी विहंगला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. आता खरं काय ते लिहून टाकते, कारण बोलायला दुसरं कोणी नाही. नूपुरच्या हौसेसाठी मी हे करते आहे असं म्हणते, पण ते अर्धंच आहे. तू गेल्यापासून हा माणूस त्या खोलीतून फक्त जेवायला बाहेर येत होता. काम खोलीतून, झोप खोलीत, सणवार खोलीत. मी दारावर टकटक करून करून दमले. आणि आता तो पहाटे उठतो. अंबाझरीला जाऊन चालून येतो. रुपरावला फोन करून वाट कुठे घसरडी झाली का विचारतो. परवा त्याने मला विचारलं की नूपुरला अजून चिवडा आवडतो का. मी सांगितलं, मला काय माहीत, तिला विचार. त्याने विचारलं.

मस्कतचं त्याला कळलं तर तो पुन्हा आत जाऊन दार लावेल. आणि या वेळी मला ते दार उघडता येणार नाही. म्हणून तुला विनंती आहे. चिडून करते आहे, तरी विनंतीच आहे. डोंगर होईपर्यंत त्याला काही कळवू नकोस.

संमतीचं म्हणशील तर माझं मत विचारू नकोस. माझं मत ‘नाही’ असंच आहे.

यमुताई

*

रामदासपेठ
२३ डिसेंबर

मुग्धा,

नूपुर सुखरूप पोचली. विमानात शेजारच्या बाईंना तिने दम्याची सगळी औषधं समजावून सांगितली म्हणे. उद्या सकाळी निघतो.

घरात मेळा भरला आहे. हॉलभर सामान पसरलं आहे आणि बाप-लेक त्याच्या मधोमध बसून तिसऱ्यांदा बॅग भरून राहिले आहेत. एक भरतो, दुसरी काढते. मी विचारलं की एका दिवसाच्या डोंगराला तीन टॉर्च कशाला, तर नूपुर म्हणते, “आजी, तू समजून घे ना.” काय समजून घेऊ? पोळ्या कोणी करायच्या हे कोणी समजून घेतलं नाही. गुडघ्याला पट्टे आणले आहेत. ते चढवायला मला दोघांची मदत लागली आणि दोघंही हसत होते.

ती उंच झाली आहे. तू फोटो पाठवत नाहीस.

तुझ्याकडून काही उत्तर आलेलं नाही. न येणं हेच उत्तर समजते, आणि त्याला काही बोलली नाहीस त्याबद्दल आभार मानते.

यमुताई

*

रामदासपेठ
२७ डिसेंबर

मुग्धा,

नूपुरने तुला फोनवर तिच्या बाजूने सांगितलंच असेल, आणि ती फुरंगटलेली असतानाच सांगितलं असेल तर त्यात माझ्या लेकाची काही खैर नसेल. आता माझ्या बाजूने ऐक. मी सोबत होते, तूच अट घातली होतीस.

सकाळी फाटकावर पोचलो तेव्हा थंडी मस्त होती. रुपराव कानाला मफलर गुंडाळून उभा होता. नूपुरला पाहून म्हणाला, “हे आमची पाहुणी का? चाल वं बाई, तुले डोंगर दाखवतो.” सागाची मोठाली पानं वाळून पडली होती, पाय पडला की पापडासारखी मोडत होती. तिला तो आवाज इतका आवडला की ती मुद्दाम वाट सोडून त्यांच्यावरून चालत होती आणि मी मागून ओरडत होते. झिऱ्यापर्यंत तिला जरासुद्धा धाप लागली नाही. उलट मलाच बसावंसं वाटत होतं, पण तुझी अट म्हणून उठले. रुपरावने मला एक काठी तोडून दिली. दगडांच्या चढावर विहंग खाली उभा राहून माझा पाय कुठल्या दगडावर ठेवायचा ते सांगत होता आणि नूपुर वर उभी राहून नेमका दुसराच दगड सांगत होती. मी दोघांनाही गप्प केलं आणि बसून बसून चढले.

धारेवर पोचलो. टोक समोर दिसत होतं. तिथे एक वाकडं सालईचं झाड आहे, त्याच्या फांद्या ओळखू येत होत्या इतकं जवळ. नूपुर नाचायला लागली.

आणि वारा फिरला.

दुसऱ्या बाजूला खाली धानाची शेतं आहेत. कोणीतरी धसकटं पेटवली होती. धूर बांबूच्या रानातून वर चढत होता, आणि आम्हाला उतरायचं होतं ते त्याच अंगाने. रुपरावने पाहिलं आणि म्हणाला, “काही नाई होत जी, तोंडाले रुमाल बांधा, पाच मिन्टात धुराच्या बाहेर निंगतो आपण.”

विहंगने नाकाने वास घेतला, मग नूपुरकडे पाहिलं. ती हसत होती, पण तोंड मिटून. तो तिच्यापाशी खाली बसला.

“नूपुर, परत फिरायचं.”

“का? मला खोकला नाहीये!”

“नाहीये. तरी परत फिरायचं.”

“बाबा, ते बघ ना, ते झाड! मी फक्त हात लावून येते. दोन मिनिटं.”

“नाही.”

मुग्धा, मी बोलणार होते की जाऊ दे रे, टोकापर्यंत जाऊन याच वाटेने फिरा. अगदी ओठांवर आलं होतं. बरं झालं बोलले नाही. पोरगी रडायला लागली. आणि रडता रडता ती म्हणाली, “आई म्हणते ते बरोबर आहे. तू काहीच पूर्ण करत नाहीस.”

रुपराव दुसरीकडे पाहायला लागला. मला वाटलं, संपलं आता, हा खचला.

विहंग म्हणाला, “हो, म्हणते ती. चल, पंप घे आणि परत फिर.” खिशातून पंप काढला, हलवला, तिच्या तोंडाशी धरला. आवाज चढवला नाही, समजूतही घातली नाही. तिने रागाने पंप घेतला, तोंड फिरवलं आणि रुपरावचं बोट धरून खाली चालायला लागली.

आम्ही मागून निघालो. झिऱ्याच्या अलीकडे मला बसावंच लागलं. तो शेजारी बसला. त्याचा चेहरा पाहून मला राहवलं नाही. मी ठरवलं होतं की सांगायचं नाही, आणि मी सांगायला लागले. “विहंग, तुला एक सांगायचंय, पण तू घरी जाऊन दार—”

“मस्कतचं का?”

“तुला कोणी सांगितलं?”

“मला दिवाळीतच माहीत आहे, आई. नूपुरने सांगितलं. तिला वाटलं मला माहीत असेल.”

“आणि तू मला बोलला नाहीस?”

“तुला त्रास झाला असता. तुझं बीपी बघ आणि तुझा स्वभाव बघ.”

पंधरा दिवस मी त्याच्यापासून लपवत होते, देवापुढे बसून रडत होते, आणि हा तेच माझ्यापासून लपवत होता! मी त्याला काठीने मारणार होते. खरंच उचलली होती. मग आम्ही दोघं हसलो, आणि मग मी रडले, आणि तो म्हणाला की आई, हळू, नूपुर मागे बघते आहे.

म्हणजे डोंगराचा सगळा घाट त्याने कळल्यावर घातला होता, मुग्धा. ती जायच्या आधी तिच्यासोबत एक दिवस हवा म्हणून. आणि तोच दिवस त्याने टोकाच्या एवढ्या जवळ सोडून दिला.

मी विचारलं, “संमतीचं काय करशील?”

“देईन.”

“अरे, पण एकदा गेली की—”

“आई, तिला तिच्या आईपासून तोडून मी काय करू? तिथे समुद्राची हवा आहे. मी वाचलंय सगळं. सुटीत येईल. नाही आली तर मी जाईन.” मग म्हणाला, “मला वाईट वाटतंय. पण खोलीत जाऊन बसण्याइतकं नाही वाटत.”

माझं मत ‘नाही’ असं होतं. अजूनही तसंच आहे. पण ते आता मी कोणाला सांगत बसणार नाही.

नूपुर त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही. रुपरावच्या घरी त्याच्या बायकोने, मीराबाईने, गरम भाकरी दिली, ती खाल्ली, गाडीत खिडकीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे करत होते, हा टेबलाशी होता. ती येऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “बाबा, मला काल खोकला येत होता. मी दाबून धरला होता.”

“कळलं होतं मला.”

“कसं?”

“तू एवढी बडबडी, आणि धारेवर आल्यापासून तोंड मिटून हसत होतीस.”

तिने त्याच्या बशीतले पोहे उचलून खाल्ले. स्वतःची बशी समोर असताना. माझं त्यावरही काहीतरी बोलून झालं.

संमतीचे कागद तू पाठव, तो वेळ लावणार नाही. लावला तर मी आहे.

आता माझं. लग्नाला तू मला बोलावणार नाहीस आणि बोलावलंस तरी मी येणार नाही, ते दिसायला बरं नाही आणि मला झेपणारही नाही. पण लग्न झाल्यावर, जूनच्या आधी, सुमंतरावांना घेऊन नागपूरला ये. आमच्याकडे जेवायला. माझी नात ज्या घरात राहायला चालली आहे त्या घरचा माणूस मला एकदा समोर बसवून, वाढून पाहायचा आहे. विहंगला विचारलं. तो म्हणाला, मी घरीच असेन, श्रीखंड मी आणतो.

फक्त दोन दिवस आधी कळव. आणि ते काय खातात, काय खात नाहीत, ते मेलवर नको, मला फोन करून सांग.

यमुताई